दोन्हींवर चारशेच लिहिले होते

ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघालो होतो, तो आधी स्वच्छ मांडतो. दोन संगणक आहेत. दोघांच्याही प्रोसेसरवर चारशे मेगाहर्ट्झ असे लिहिलेले आहे. एकाचे नाव पेंटियम टू, दुसऱ्याचे सेलेरॉन. पहिला दुसऱ्यापेक्षा पुष्कळ महाग. बालाघाटसारख्या गावात, बेताच्या ऐपतीच्या आणि एकाच यंत्रावर पोट भरू पाहणाऱ्या माणसाने यांपैकी कोणता घ्यावा?

प्रश्न गेल्या शतकाच्या अगदी शेवटच्या वर्षांतला आहे. आज ती दोन्ही यंत्रे भंगारवाला वजनावर घेईल. तरीही तो येथे मांडतो, कारण त्याचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले, आणि ते देताना माझ्या हिशेबात एका सेकंदाचीही चूक नव्हती.

मी मुळात टंकलेखनाचा शिक्षक. आमच्या संस्थेत टाइपरायटरच्या दोन रांगा होत्या. खिडकीकडची रांग इंग्रजी आणि मराठीची, ती माझी. भिंतीकडची हिंदीची, ती शोभाबाईंची. बालाघाट मध्य प्रदेशात असल्याने नोकरीसाठी मुले हिंदीकडे जात, आणि माझ्याकडे सीमेपलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात नोकरीची आशा असलेली चार-दोन उरत. शोभाबाई तिरोडीच्या. तिथल्या मँगनीजच्या खाणीत त्यांचे वडील हजेरी लिहीत. त्या अविवाहित होत्या. माझी पत्नी लग्नानंतर सहाव्या वर्षी वारली होती. आम्ही दोघांनी एका खोलीत चौदा वर्षे शिकवले. संध्याकाळची शेवटची तुकडी सुटली की यंत्रांवर झाकणे घालताना एक चहा होई. त्या चहाला आम्ही कधी काही नाव दिले नाही.

परीक्षेचे नियम माझ्या हाडात भिनलेले होते. सर्वांना एकच उतारा, एकच वेळ, सारखाच कागद. शिट्टी वाजली की हात वर. चुकांचे शब्द एकूण शब्दांतून वजा. कोण कोणाचा मुलगा, कोण किती लांबून आला, हे परीक्षकाने पाहायचे नसते. माझ्याकडे त्यासाठी एक विरामघड्याळ होते. ते आजही चालते.

पुढे संगणक आले आणि दोन्ही रांगा ओस पडल्या. मी त्याच खोलीत दुकान मांडले आणि नागपूरहून सुटे भाग आणून संगणक जोडू लागलो. शोभाबाईंनी मात्र वेगळे ठरवले. तिरोडीला त्यांची आई एकटी होती आणि घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती. तिथे लग्नपत्रिका जुळवण्याचे दुकान काढायचे, म्हणजे संगणकावर मजकूर मांडायचा, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग कागद काढायचा आणि छपाईवाल्याकडे द्यायचा. त्यांचा धाकटा भाऊ सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. त्याने बजावले होते, "एक लगनसराई पाहून घे. नाही जमलं तर आईले घेऊन इकडे ये." म्हणजे दुकान चालले तर शोभाबाई तिरोडीत राहणार आणि कागद व शाईच्या निमित्ताने आठवड्यातून एकदा बसने बालाघाटला येणार. नाही चालले तर सुरत.

हे मला माहीत होते. परीक्षकाने पाहू नये अशा गोष्टींत मी ते घातले.

आता बाहेरच्या वाचकासाठी थोडे यंत्राविषयी सांगतो. प्रोसेसर हा कचेरीतला कारकून समजा. चारशे मेगाहर्ट्झ म्हणजे त्याचा हात किती वेगाने चालतो ते. दोघांचा हात सारखाच चालतो. पण कारकुनाला लागणारी फाइल कुठे ठेवली आहे, यावर बरेच अवलंबून असते. त्याच्या टेबलाला एक खण असतो. नेहमी लागणारे कागद त्यात. सेलेरॉनचा खण लहान, पण बसल्या जागी हात पोहोचेल असा. पेंटियमचा खण त्याच्या चौपट, पण किंचित दूर. हात पोहोचायला दुप्पट वेळ. खणात कागद नसेल, तर कारकून उठून खोलीतल्या कपाटाकडे जातो. हे कपाट म्हणजे संगणकाची मेमरी. कपाटापर्यंतची वाट पेंटियमला थोडी मोकळी होती, सेलेरॉनला जरा चिंचोळी. आणि कपाटातही फाइल नसेल, तर अंगण ओलांडून मागच्या रेकॉर्ड रूममध्ये चपराशी धाडावा लागतो. ती हार्ड डिस्क. चपराशी जातो, कुलूप काढतो, फाइल शोधतो, येतो. तोवर कारकून कितीही हुशार असो, पेन कानाला लावून बसून राहतो.

एवढे समजले की माझी चूक समजायला अडचण नाही.

पण त्याआधी एका राइस मिलवाल्या शेटजींची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे त्यांचाच संगणक माझ्या उपयोगी पडला. हे शेटजी वारासिवनीकडचे. दुकानात आले आणि म्हणाले, "मास्टरजी, दोनों निकालो बाहर. हाथ में दो."

मी दोन्ही प्रोसेसर त्यांच्या तळहातांवर ठेवले. सेलेरॉन ही एक चपटी चौकोनी वडी, खाली सुयांसारख्या पायांची. पेंटियम मात्र त्या काळी काळ्या डबीत बंद होऊन येई, जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटसारखा. शेटजींनी दोन्ही हात वरखाली करून पाहिले.

"ये वाला," ते पेंटियम उचलून म्हणाले. "दाना भारी है."

"शेटजी, वजनाचा यात संबंध नाही."

"मास्टरजी, तीस साल से धान ले रहा हूँ. हल्का दाना कभी मत लेना. और जो भी इसमें डलता है, सब दुगना डाल दो."

मी त्यांना खण, कपाट, चपराशी सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले, पानाची डबी मिटली आणि भारी दाणा, दुप्पट मेमरीसह, घेऊन गेले. त्यावर ते फक्त ट्रकांचे नंबर लिहीत. मी घरी येऊन मनाशी हसलो होतो. पुढे हसू आले नाही.

शोभाबाई त्यानंतरच्या आठवड्यात आल्या. पदराला हात पुसत खुर्चीवर बसल्या आणि एकदम विषयाला आल्या.

"मास्तर, मले येवढंच सांगा. दोघांतला कोनता घेऊ?"

"असं तोंडी नाही सांगता येणार. परीक्षा घ्यावी लागेल."

"घ्या मंग. तुम्हाले तं तेवढंच येते."

त्या हसत होत्या. मी परीक्षा घेतली. सारे नियम पाळून घेतली. एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड, एकच हार्ड डिस्क या यंत्रातून काढून त्या यंत्रात. मेमरी दोघांनाही सारखी, बत्तीस मेगाबाइट. एकाला कमी, एकाला जास्त दिली तर ती परीक्षा कसली? उतारा म्हणून मी हिंदीतला चाळीस पानांचा मजकूर घेतला, त्याची अक्षरे बदलायची, ओळी पुन्हा जुळवायच्या आणि छपाईसाठी तयार करायचा. दर फेरीआधी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. प्रत्येकाच्या पाच फेऱ्या. घड्याळ माझ्या हातात आणि वही शोभाबाईंच्या.

पेंटियम दर फेरीत सात-आठ सेकंदांनी पुढे राहिला. फरक मोठा नव्हता, पण पाचही वेळा तोच जिंकला.

"तर मग उत्तर पेंटियम," मी म्हणालो.

"हौ, पन मास्तर, सात सेकंदासाठी येवढे जास्तीचे पैसे? तेवढ्यात अजून काही येत नाही का?"

हा प्रश्न त्यांनी विचारला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मी उत्तर दिले, "तो वेगळा विषय आहे. परीक्षा दोघांची होती, पहिला नंबर कोणाचा ते ठरलं."

त्यांनी वही मिटली. "तुम्ही म्हनता तं तोच," म्हणाल्या. भावाने पाठवलेली रक्कम पेंटियममध्येच संपली, म्हणून मेमरी बत्तीसच राहिली. सेलेरॉनचे यंत्र माझ्या दुकानात कोपऱ्यात राहिले. जाताना बसमध्ये त्यांनी खोके मांडीवर घेतले होते. खिडकीतून म्हणाल्या, "मास्तर, चहा आता तुम्हीच गाळा. साखर डाव्या डब्यात आहे."

लगनसराई सुरू झाली. तिरोडीला कामे येऊ लागली, हे मला बसवाल्यांकडून कळे. मग एक दिवस दुकानाच्या फोनवर त्यांचा आवाज आला, खाणीच्या फाटकाजवळच्या एसटीडी बूथवरून.

"मास्तर, यंत्र थांबून थांबून चालून राह्यलं. लाल दिवा लागला की लागलाच राहते." हार्ड डिस्क चालू असली की तो दिवा लागतो.

"किती कामं उघडता एका वेळी?"

"पत्रिकेचं हिंदीत एक, मराठीत एक, आन् गनपतीच्या चित्राचं एक."

"तिथंच चुकतं. एका वेळी एकच उघडा. ते मिटवा, मग दुसरं."

त्या म्हणाल्या, "लगन एका घरचं राहते का मास्तर? नवरा बालाघाटचा, नवरी तुमसरची. एका पानावर हिंदी, एका पानावर मराठी, आन् दोन्ही पानं एकाच वेळी पाहा लागते. इकडचा मामा तिकडं गेला तं मांडवात भांडन होते."

मी त्यांना शिस्तीचे महत्त्व सांगितले. हे शब्द लिहितानाही मला लाज वाटते, पण तेच शब्द होते. चौदा वर्षे बरोबर शिकवलेल्या बाईला मी शिस्त शिकवली. कारण माझ्यापाशी पाच फेऱ्यांची वही होती, आणि वहीत पेंटियम पहिला आला होता. पहिला आलेला विद्यार्थी अडखळतो, तेव्हा शिक्षकाला आधी घरचे वातावरण बिघडलेले दिसते, स्वतःची प्रश्नपत्रिका दिसत नाही.

त्यांचा आणखी दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी त्यांनी एक फ्लॉपी बसवाल्याच्या हाती पाठवल्याचे सांगितले. त्यात एका लग्नपत्रिकेच्या फाइल होत्या. "तुम्हीच उघडून पाहा," एवढेच म्हणाल्या. मी फ्लॉपी टेबलाच्या खणात ठेवली. त्या आठवड्यात शाळांचे निकाल लागायचे होते, गुणपत्रकांची कामे माझ्याकडे होती. असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे मला ती उघडायची नव्हती.

त्याच सुमारास मिलवाले शेटजी आपला भारी दाणा घेऊन आले. यंत्र चालू होत नव्हते. झाकण उघडले तर आत तांदळाचा कोंडा, पंख्यावर, पट्टीवर, सगळीकडे, पिठीसारखा. असे यंत्र साफ करण्याची रीत सोपी आहे. मेमरीची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात शाळेच्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासायचे, आणि ती पट्टी ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी दुसऱ्या चालू यंत्रात लावायची. कोपऱ्यातला सेलेरॉन रिकामाच होता. शेटजींची चौसष्टची पट्टी मी त्याच्या बत्तीसशेजारी लावली. यंत्राने शहाण्णव मोजले. पट्टी ठीक होती.

चाचणीसाठी काहीतरी उघडायचे, म्हणून खणातली फ्लॉपी घेतली. हिंदीचे पान उघडले. मराठीचे उघडले. गणपतीचे चित्र उघडले. मग एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलो. वहीचे पान उलटावे तसा तो स्वस्त, हलका, दुसरा आलेला सेलेरॉन जात होता. लाल दिवा क्वचित लुकलुके आणि विझे.

मी शेटजींची पट्टी काढली आणि बत्तीसवर तेच केले. दिवा लागला तो लागला. चपराशी अंगण ओलांडत होता. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला जो वेळ लागला, तो मी घड्याळावर पाहिला आणि वहीत लिहिला नाही.

कारकून कोणता, हा प्रश्नच त्या कामात दुय्यम होता. कपाट लहान होते. माझ्या चाळीस पानांच्या उताऱ्याला ते पुरले, कारण मी एका वेळी एकच काम दिले होते. परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका एकदम देत नाहीत. आणि दोघांना सारखी मेमरी देऊन मी न्याय केला असे मला वाटले. पण दुकानात कोणी सारखी मेमरी घेत नसतो, सारखे पैसे घेऊन येत असतो. नागपूरच्या भावपत्रकात पाहिले. दोन प्रोसेसरांच्या किमतींतल्या फरकात शेटजींच्या पट्टीएवढी मेमरी येऊन वर बसभाडे उरले असते. शेटजींनी वजन करून, न समजता, निदान कपाट तरी मोठे घेतले होते.

"तेवढ्यात अजून काही येत नाही का?" त्यांनी विचारले होते.

दुसऱ्या दिवशी नागपूर गाठून पट्टी आणली. तिला वाकू द्यायचे नसते, म्हणून चष्म्याच्या घरात ठेवली आणि चष्मा खिशात. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसने वारासिवनी, कटंगी करत तिरोडी. रस्त्याच्या कडेला मँगनीजची काळी धूळ होती. घराच्या ओट्यावर शोभाबाईंची आई सूप घेऊन बसली होती. दुकानाच्या फळीवर नमुन्याच्या पत्रिका दोऱ्याला टांगलेल्या होत्या. निम्म्या काढलेल्या होत्या.

"मास्तर! काहून आले? फोन तं कराचा."

मी यंत्र उघडले, पट्टी बसवली, पत्रिका उघडली. हिंदी, मराठी, गणपती. पुन्हा हिंदी. त्या माझ्या मागे उभ्या राहून पाहत होत्या. मी उठून खुर्ची दिली. त्या बसल्या आणि स्वतः चालवून पाहिले. बोटे तशीच, मनगट न टेकवता, जशी मुलींना शिकवत तशी.

"असं चालू शकत होतं तं हे," त्या म्हणाल्या.

"हे आधीच घ्यायला हवं होतं. स्वस्तातला आणि ही पट्टी. माझं चुकलं."

"परवा भाऊ आला. अक्षय्यतृतीयेच्या सगळ्या पत्रिका गोंदियाच्या छापखान्यात गेल्या. लोक तरी किती दिवस थांबतीन? तारीख तं पुढं ढकलता येत नाही न लगनाची." मग हळूच म्हणाल्या, "तिकिटं काढली त्यानं. तिघांची."

आतून आईने विचारले, "कोन आलं वं?"

"मास्तर आले. यंत्र सुधरवाले."

"आता?" आई म्हणाली.

शोभाबाईंनी चहा केला, गाळला आणि कपात साखर घालून चमच्याने ढवळून दिला. मग म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही परीक्षा बरोबर घेतली. खरंच बरोबर घेतली. फक्त मी कोन्या वर्गात बसली, ते इचारलं नाही."

यंत्र सुरतेला नेण्यात अर्थ नव्हता. त्यांनी घेतले त्याच किमतीला मी ते परत घेतले. त्यांनी नको म्हटले, पण मी ऐकले नाही. येताना ते माझ्या मांडीवर होते.

सुरतेहून एक पत्र आले. टंकलिखित, एका पानाचे. कोणत्याशा कचेरीत काम मिळाले होते, आईला तिथले पाणी मानवत नव्हते. जुन्या सवयीने मी ते पेन घेऊन वाचले. समास बरोबर, परिच्छेद बरोबर, एकाही अक्षराखाली रेघ मारावी लागली नाही. मी उत्तर चार वेळा टंकित केले. चारही वेळा चुका निघाल्या, म्हणून पाठवायचे राहिले. पाचव्यांदा पाठवले तेव्हा पत्ता बदललेला होता.

पुढची वीस वर्षे मी संगणक जोडले. ग्राहक आला की यंत्राविषयी बोलण्याआधी विचारीत असे, "दिवसभरात एकदम किती कामं उघडी ठेवता? पैसे किती आणलेत? बसा, एकेक सांगा." काहींना वाटे, मास्तर फार चौकशा करतात. उकव्याहून आलेला एक जण म्हणाला होता, "संगणक घ्याले आलो, सोयरिकीले नाही." पण त्या चौकशीमुळे नंतर कोणाला मी चुकीचे यंत्र दिले नाही, असे माझी वही सांगते.

तर प्रश्नाचे उत्तर असे. नुसत्या परीक्षेत, सारख्या मेमरीवर, एका वेळी एकच काम असता, पेंटियम पुढे. सारख्या पैशांत, दोन घरांचे लग्न एका पडद्यावर असता, सेलेरॉन पुढे, आणि पुष्कळच पुढे.

मात्र यावर मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नये. एकदा कोणी ठेवला होता. दोन्ही यंत्रे माझ्या घरी शेजारी शेजारी मांडलेली आहेत आणि चालू स्थितीत आहेत. फ्लॉपीही आहे, नवरा बालाघाटचा, नवरी तुमसरची. मेमरीच्या पट्ट्या चष्म्याच्या घरात आहेत, त्या तुम्ही आपल्या हाताने बदलून लावा, वेळ मोजा आणि वहीत लिहा. माझे आकडे चुकलेले आढळले तर त्यांवर रेघ मारा. घड्याळ आणण्याची गरज नाही, ते माझ्याकडे आहे. संध्याकाळी मी घरीच असतो.